व्हायरसचा इशारा की ढकलपत्र? ओळखीच्या खुणांमागचा इतिहास

१९९४च्या अखेरीस ‘गुड टाइम्स’ नावाचा इशारा इंटरनेटवर फिरू लागला. या नावाची ईमेल उघडून नुसती वाचली तरी हार्ड डिस्क पुसली जाते, असं त्यात म्हटलं होतं. पुढच्या आवृत्तीत भर पडली: व्हायरस प्रोसेसरला ‘एन्थ कॉम्प्लेक्सिटी इन्फिनिट बायनरी लूप’मध्ये अडकवतो आणि प्रोसेसर निकामी होतो. या शब्दांना संगणकशास्त्रात काहीही अर्थ नाही. आधाराला नाव घेतलं होतं अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाचं, एफसीसीचं. व्हायरसचे इशारे देणं हे त्या आयोगाचं कामच नव्हे. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या सीआयएसी या संगणक सुरक्षा पथकाने डिसेंबर १९९४ मध्येच ही अफवा असल्याचं जाहीर केलं. तरी ती पुढची काही वर्षं फिरतच राहिली.

तेव्हा जाणकार एक सोपा नियम सांगत: ईमेल म्हणजे निव्वळ मजकूर, तो वाचून काही होत नाही, अटॅचमेंट चालवली तरच धोका. नियम बरोबर होता, पण त्या काळापुरताच. ईमेलमध्ये एचटीएमएल (वेबपानांची भाषा) आणि स्क्रिप्ट (आपोआप चालणाऱ्या छोट्या आज्ञा) आल्या आणि १९९९च्या नोव्हेंबरात ‘बबलबॉय’ हा व्हायरस आला. आउटलुक एक्सप्रेस या मायक्रोसॉफ्टच्या ईमेल प्रोग्राममध्ये तो नुसत्या प्रिव्ह्यूनेही, म्हणजे ईमेल न उघडता झलक पाहिली तरी, चालायचा. ज्या त्रुटीचा त्याने फायदा घेतला, तिचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, मायक्रोसॉफ्टने ऑगस्टमध्येच दिला होता. म्हणून ‘असं होऊच शकत नाही’ या कसोटीवर इशारा खोटा ठरवणं धोक्याचं आहे. तंत्र बदललं की ती कसोटी मोडते. टिकतात त्या खुणा इशाऱ्याच्या घडणीतल्या.

त्या पाहायच्या तर त्याच वर्षीच्या ‘मेलिसा’चं उदाहरण घ्यावं. २६ मार्च १९९९ रोजी हा वर्डमधला मॅक्रो व्हायरस (मॅक्रो म्हणजे दस्तऐवजातच साठवलेल्या, आपोआप चालणाऱ्या आज्ञा) पसरला आणि दुसऱ्याच दिवशी संगणक सुरक्षेचे इशारे देणाऱ्या सर्ट समन्वय केंद्राची सूचना निघाली. तिला स्वतःचा क्रमांक होता, सीए-१९९९-०४. वर्ड ९७ आणि वर्ड २००० यांना धोका आहे, ईमेलचा विषय कसा असतो, ॲड्रेस बुकातल्या पहिल्या ५० पत्त्यांवर ती कशी जाते, मॅक्रो बंद कसे करायचे, हे सगळं तिच्यात होतं. वाचणारा एकेक गोष्ट स्वतः पडताळू शकत होता. ‘सगळ्यांना पाठवा’ हे मात्र कुठेही नव्हतं. खोट्या इशाऱ्यात नेमकं उलट असतं: आवृत्ती नाही, क्रमांक नाही, तारखेऐवजी ‘कालच’, आणि शेवटी ओळखीच्या प्रत्येकाला कळवण्याचा आग्रह. त्यात व्हायरसचा कोड नसतोच. प्रत काढून पसरवण्याचं काम वाचणाराच करतो.

खरं नुकसान करणारी अफवा २००१ मध्ये आली. ‘सल्फएनबीके डॉट ईएक्सई’ ही फाइल शोधा, सापडली तर डिलीट करा, रिसायकल बिन रिकामा करा, सगळ्यांना कळवा. विंडोज ९८ असलेल्या माणसाने शोध घेतला की फाइल सापडायचीच, कारण ती विंडोजचाच भाग होती: लांब फाइलनावांचा बॅकअप घेणारं छोटं साधन. फाइल दिसली की इशारा खरा वाटायचा, आणि तिथेच घात व्हायचा. गुंता वाढवायला ‘मॅजिस्टर’ हा खरा व्हायरस अशा फाइलींना लागण करून त्या ईमेलने पाठवत होता. त्यामुळे अटॅचमेंट म्हणून आलेली याच नावाची फाइल घातक असू शकत होती. पुढच्या वर्षी हाच डाव ‘जेडीबीजीएमजीआर’ या फाइलवर खेळला गेला. तिचं आयकॉन टेडी बेअरचं, म्हणून ती सहज संशयास्पद वाटायची. ‘अँटिव्हायरसला हा सापडत नाही’ हे वाक्य त्यात मुद्दाम पेरलेलं होतं. त्याने पडताळणीची वाटच बंद होते.

सिस्टिम फोल्डरमधली फाइल कुणाच्या सांगण्यावरून पुसू नये. पुसली गेलीच, तर विंडोज ९८ मध्ये सिस्टिम फाइल चेकरने ती मूळ सीडीवरून परत आणता येत असे. आजच्या विंडोजमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एसएफसी /स्कॅननाऊ’ ही आज्ञा इंग्रजीत (sfc /scannow) द्यावी.

सप्टेंबर २००३ मधल्या ‘स्वेन’ने डाव उलटवला. त्याची ईमेल मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा पॅचसारखी दिसायची आणि सोबतची अटॅचमेंट हाच वर्म, म्हणजे स्वतःच्या प्रती स्वतःच पसरवणारा घातक प्रोग्राम. मायक्रोसॉफ्ट पॅच अटॅचमेंटने पाठवत नाही, एवढं ठाऊक असणं पुरे होतं. तेव्हापासून नीटनेटका मजकूर, क्रमांक आणि लोगो यांच्यावरही विसंबता येत नाही. आलेल्या लिंकवर न जाता कंपनीच्या किंवा सर्टच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करायचा आणि इशाऱ्यातला सीव्हीई क्रमांक, म्हणजे सुरक्षा त्रुटीला दिलेला ओळख क्रमांक, तिथे आहे का ते पाहायचं. क्रमांकच नसेल, तर मजकुरातलं एखादं विचित्र वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधावं. जुनी ढकलपत्रं बहुधा शब्दशः सापडतात.

हेच मजकूर आता व्हॉट्सॲपवर फिरतात. तिथला दुहेरी बाण म्हणजे मजकूर मूळ पाठवणाऱ्यापासून किमान पाच वेळा पुढे सरकला आहे. मात्र कुणी तो कॉपी करून नव्याने चिकटवला, तर बाण दिसत नाही.