व्हीलचेअर सुगम्यता

चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला, कोणी उचलून न नेता, घरातून रस्त्यावर, रस्त्यावरून बसमध्ये आणि तिथून शाळा, कचेरी, दवाखाना किंवा देवळात जाता येणे म्हणजे व्हीलचेअर सुगम्यता. ‘कोणी उचलून न नेता’ हे यातले कळीचे शब्द. खुर्चीला हात लावायला धावणारी माणसे बहुतेक समाजांत भेटतात. हात लावायची वेळच येऊ नये असे बांधकाम मात्र थोड्याच ठिकाणी आढळते. देशादेशांतला फरक मुख्यतः इथे दिसतो.

सुगम्यता साखळीसारखी असते, एक कडी निखळली की बाकीच्यांचा उपयोग राहत नाही. लिफ्ट आहे, पण लिफ्टपर्यंत जायला तीन पायऱ्या आहेत. रॅम्प आहे, पण स्वच्छतागृहाचे दार खुर्चीहून अरुंद आहे, असे अनुभव रोजचे आहेत. रॅम्पचा सर्वमान्य चढ १:१२ असतो, म्हणजे एक फूट उंची गाठायला बारा फूट लांबी. सहा इंचांच्या तीन पायऱ्यांसाठी अठरा फुटांचा रॅम्प लागतो. खुर्ची पूर्ण वळवायला सुमारे दीड मीटर मोकळी जागा हवी. आपल्याकडे अनेक इमारतींसमोर दुचाकी चढवण्यापुरता केलेला तीव्र उतारही ‘रॅम्प’ म्हणून दाखवला जातो. त्यावरून खुर्ची एकट्याने चढवता येत नाही, आणि उतरताना ती उलटण्याची भीती असते.

या मोजमापांमागे एक विचार आहे. ब्रिटनमधील अपंगांच्या ‘युनियन ऑफ द फिजिकली इम्पेअर्ड अगेन्स्ट सेग्रिगेशन’ या संघटनेने १९७६ मध्ये शरीरातली उणीव आणि समाजाने लादलेले अपंगत्व या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. पाय चालत नाहीत ही शरीराची अवस्था; दारात पायरी असल्यामुळे मतदान करता येत नाही, हे अपंगत्व. पुढे समाजशास्त्रज्ञ माइक ऑलिव्हर यांनी या मांडणीला ‘सामाजिक प्रतिमान’ हे नाव रूढ केले. त्याआधी, आणि पुष्कळ ठिकाणी अजूनही, अपंगत्वाकडे पूर्वकर्माचे फळ, औषधोपचाराचा विषय किंवा दानधर्माची संधी म्हणून पाहिले जाते. या तिन्ही दृष्टींत बदलायचे असते ते माणसाने. पायरी जागची हलत नाही.

अमेरिकेत पायरी हलली ती दुसऱ्या महायुद्धातून जखमी होऊन परतलेल्या सैनिकांमुळे आणि पोलिओतून वाचलेल्या मुलांमुळे. मिशिगन राज्यातील कॅलमझू शहरात १९४५ च्या सुमारास पदपथांचे कोपरे कापून उतार केले गेले. पोलिओमुळे मानेखालचे शरीर निकामी झालेले एड रॉबर्ट्स १९६२ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाले. त्यांचे श्वसनयंत्र मावेल असे वसतिगृह नसल्याने त्यांना विद्यापीठाच्या रुग्णालयात राहावे लागले. तिथे जमलेल्या अपंग विद्यार्थ्यांच्या गटातून १९७२ मध्ये ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ उभे राहिले. कधी उठायचे, काय खायचे, कुठे जायचे हे अपंग व्यक्तीने स्वतः ठरवायचे, मदतनीस तिने नेमायचा, ही या केंद्राची भूमिका पुढे अनेक देशांत पोचली.

सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांना अपंगांशी भेदभाव करण्यास मनाई करणारे, पुनर्वसन कायद्याचे कलम ५०४ तिथे १९७३ मध्येच आले होते. पण ते अमलात आणायचे नियम निघत नव्हते. एप्रिल १९७७ मध्ये जूडी ह्यूमन, किटी कोन या अपंग कार्यकर्त्या आणि सुमारे दीडशे जणांनी सॅन फ्रान्सिस्कोतील सरकारी इमारतीत ठाण मांडले. तीन आठवड्यांहून अधिक काळ, औषधे आणि मदतनीस पुरेसे नसताना, ते तिथे राहिले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर संघटनेचे कार्यकर्ते त्यांना जेवण पोचवत. २८ एप्रिलला नियमांवर सही झाली. पुढच्या वर्षी डेन्व्हरमध्ये, खुर्ची चढेल अशा बस नसल्याने, एकोणीस जणांनी भर चौकात बस अडवून धरल्या. १२ मार्च १९९० रोजी वॉशिंग्टनमध्ये साठेक जणांनी खुर्च्या खाली सोडल्या आणि संसद-भवनाच्या पायऱ्या हातांवर सरपटत चढल्या. त्यांच्यात आठ वर्षांची एक मुलगीही होती. त्याच वर्षी २६ जुलैला ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज’ कायद्यावर सही झाली. एवढे होऊनही न्यूयॉर्कच्या जुन्या भुयारी रेल्वेतील बहुसंख्य स्थानकांवर आजही लिफ्ट नाही. २०२२ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार ९५ टक्के स्थानके सुगम्य करण्यासाठी २०५५ ची मुदत ठरली आहे.

जपानमध्येही संघर्ष पेटला तो एप्रिल १९७७ मध्येच. कावासाकी शहरात बसवाल्यांनी चाकाच्या खुर्चीतील प्रवाशांना नाकारले, तेव्हा सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर पुरता ताबा नसणे) असलेल्यांच्या ‘आओई शिबा नो काई’ या संघटनेचे सदस्य बसमध्ये चढून बसले आणि उतरलेच नाहीत. या संघटनेचा राग समजून घ्यायला १९७० पर्यंत मागे जावे लागते. योकोहामात एका आईने आपल्या अपंग मुलीला ठार केले आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आईला शिक्षा कमी व्हावी म्हणून अर्ज केले. आईची कीव साऱ्यांना आली. मारल्या गेलेल्या मुलीच्या बाजूने बोलायला संघटनेखेरीज फारसे कोणी नव्हते. अपंगांची सक्तीने नसबंदी करण्याची मुभा देणारा १९४८ चा कायदा तिथे १९९६ पर्यंत टिकला, आणि तो घटनाबाह्य होता हे जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगायला जुलै २०२४ उजाडले.

आजच्या जपानी स्थानकांकडे पाहून हा इतिहास खरा वाटत नाही. २००० आणि २००६ च्या कायद्यांमुळे मोठ्या स्थानकांवर लिफ्ट आहेत. कर्मचारी घडीची फळी घेऊन येतो, ती फलाट आणि डबा यांच्यामध्ये टाकतो, उतरायच्या स्थानकाला फोन करतो आणि तिथे दुसरा कर्मचारी फळी घेऊन उभा असतो. ही तत्परता मनापासून दाद द्यावी अशी आहे. मात्र प्रवाशाला वाटेत मन बदलून भलत्याच स्थानकावर उतरता येत नाही. ही मोकळीक किती मोलाची असते हे ती कायम हाताशी असलेल्यांना सहसा जाणवत नाही.

कायदा आला तरी माणसांचा प्रश्न उरतो. ब्रिटनमध्ये बसमधील व्हीलचेअरच्या जागेत बाबागाडी ठेवलेली प्रवासी ती हलवायला तयार झाली नाही, म्हणून व्हीलचेअर वापरणारे डग पॉली यांना बसमध्ये चढता आले नाही. २०१७ मध्ये त्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की चालकाने एकदा विनंती करून गप्प बसणे पुरेसे नाही. ब्राझीलमधील कुरितिबा शहराने १९९१ पासून बसथांबाच बसच्या उंचीवर आणला, त्यामुळे चढताना पायरी उरली नाही. किन्शासा आणि ब्राझाव्हिल या काँगो नदीच्या दोन काठांवरील शहरांत वेगळीच वाट निघाली. बोटीच्या भाड्यात सवलत मिळत असल्याने अपंगांनी हाताने चालवायच्या तीनचाकींवर माल लादून नदीपार व्यापार सुरू केला. सक्षम व्यापारीही त्यांना भागीदार म्हणून शोधू लागले. तिथे रस्ते सुगम्य नव्हते. पण हातात पैसा खेळू लागला की लोकांची नजर बदलते हे या बोटींवर दिसले.

संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला. त्याचे नववे कलम सुगम्यतेचे आहे. भारताने २००७ मध्ये त्याला मान्यता दिली. अमेरिकेने त्यावर सही केली, पण २०१२ मध्ये सिनेटमध्ये पुरेशी मते न मिळाल्याने मान्यता राहून गेली.

भारतात पहिला व्यापक कायदा १९९५ चा, दुसरा २०१६ चा. दुसऱ्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले. २००१ मध्ये शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले तेव्हा कुतुबमिनारसह काही स्मारकांवर घाईने लाकडी रॅम्प बसवले गेले, कारण अपंगांच्या हक्कांसाठी लढणारे जावेद आबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी आवाज उठवला होता. मनात आणले तर रॅम्प काही दिवसांत होतो, हे तेव्हा सिद्ध झाले. ‘अपंग’ऐवजी ‘दिव्यांग’ हा शब्द २०१५ नंतर सरकारी व्यवहारात आला. अनेक संघटनांनी त्याला विरोध केला: अंगात काही दैवी नाही, दारात उतार हवा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ मार्गदर्शक ठेवणारा नियम रद्द ठरवला आणि सक्तीचे निकष करण्यास केंद्राला सांगितले.

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेने सुमारे २९.६ लाख अपंग व्यक्ती नोंदवल्या. इथल्या मनात पांगळ्याला डोंगर चढवणारी ईश्वरकृपा खोल रुजलेली आहे, आणि भारुडातला आंधळा-पांगळा दात्याच्या दारी दान मागतो. डोंगराला वाट करावी ही कल्पना त्या मानाने नवी आहे. सप्तशृंगगडावरच्या, रुळांवरून दोराने ओढल्या जाणाऱ्या फ्युनिक्युलर ट्रॉलीने ती काही अंशी प्रत्यक्षात आणली. मूळचे इस्लामपूरचे, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये जलतरणात भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली. त्यांच्या आत्मचरित्राचे नावच ‘चाकाची खुर्ची’ आहे. गोव्यात जानेवारी २०२३ पासून पर्पल फेस्ट हा अपंगांना सामावून घेणारा महोत्सव भरतो.

मुंबईत घाटकोपरला दोन काळ एकमेकांना खेटून उभे आहेत. वरच्या मेट्रोचा फलाट आणि डबा एका पातळीत असल्याने खुर्ची स्वतः ढकलत बाहेर येता येते. खाली लोकलच्या फलाटावर अपंगांच्या डब्याची जागा आखलेली आहे, पण डब्याची जमीन फलाटापेक्षा उंच आहे. गाडी काही सेकंदच थांबते, आणि तेवढ्यात खुर्चीतल्या माणसाला आत घ्यायला दोघा-तिघांना हाक मारावी लागते.