दमणूक आणि दुय्यम आघात: बालसंरक्षणाच्या कामात आशा कशाने आटते?

नाशिक जिल्ह्यात बालसंरक्षणाचे काम करणारी व्यक्ती, मग ती जिल्हा बाल संरक्षण कक्षातील असो, बालगृहातील समुपदेशक असो किंवा सुरगाणा-पेठ भागात गृहभेटी करणारी एखाद्या संस्थेची कार्यकर्ती असो, "आता या कामात काही अर्थ वाटत नाही" असे म्हणू लागली की सहकारी बहुधा तिला आठ दिवस रजा घ्यायला सांगतात. हा सल्ला कधी लागू पडतो, कधी साफ चुकतो, कारण तेच वाक्य दोन अगदी वेगळ्या कारणांनी तोंडी येऊ शकते.

पहिले कारण दमणुकीचे. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये ज्याला 'बर्नआऊट' म्हटले, त्याला जागतिक आरोग्य संघटना आजार मानत नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ न आवरल्याने ओढवणारी ती अवस्था आहे. शक्ती संपणे, कामाविषयी तुटकपणा येणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे, ही तिची तीन लक्षणे. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाला २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करायचे असते आणि सामाजिक तपासणी, म्हणजे त्याच्या घरच्या परिस्थितीची चौकशी, १५ दिवसांत पुरी करायची असते. पण सुरगाण्याच्या पाड्यावर जायला गाडी मिळत नाही, मिळालीच तर आईवडील दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामावर गेलेले असतात आणि फाइल तशीच पडून राहते. येथे आटते ती यंत्रणेवरची आशा.

दुसरे कारण कामाच्या प्रमाणात नसते, त्याच्या आशयात असते. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स फिग्ली यांनी मांडलेला दुय्यम आघाताचा ताण, म्हणजे दुसऱ्यावरचा आघात ऐकून आपल्यावर येणारा ताण, एकाच प्रकरणानेही येऊ शकतो: अत्याचार झालेल्या मुलीचा जबाब ऐकणाऱ्याला तो प्रसंग स्वतः पाहिल्यासारखा झोपेत दिसू लागतो, किंवा तो विषय निघाला की तेथून उठून जावेसे वाटते. मॅककॅन आणि पर्लमन या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये याच्या जवळची आणखी एक गोष्ट दाखवून दिली. अशा कहाण्या ऐकत राहिल्याने सुरक्षितता आणि विश्वास यांविषयीच्या माणसाच्या मूळ धारणाच बदलतात. रविवारी गोदाघाटावर एखाद्या मुलीला कडेवर घेतलेला माणूस दिसला की तो तिचा कोण, याचा हिशेब मनात सुरू होतो. स्वतःच्या मुलाला सुट्टीत मामाकडे पाठवणे नकोसे होते. येथे आटते ती माणसांवरची आशा. अशा कार्यकर्तीचे अहवाल मात्र अनेकदा वेळेवर असतात, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

फरक ओळखायला रजेचा चौथा दिवस उपयोगी पडतो. दमलेल्या माणसाला तोवर थोडे हलके वाटू लागते आणि कार्यालय आठवले की पुन्हा जड होते. आघात झेलणाऱ्याला घरची शांतताच अधिक सोसत नाही. अर्थात हा केवळ अंदाज आहे, निदान तज्ज्ञानेच करायचे, आणि दोन्ही अवस्था एकत्रही असू शकतात. "हळूहळू सवय होते" हा अनुभवी मंडळींचा दिलासा मला तर धोक्याचा वाटतो, कारण पुष्कळदा त्या सवयीचेच दुसरे नाव तुटकपणा असते.

उपायही त्यामुळे निराळे. दमणुकीला प्रकरणांची संख्या कमी करणे, रिक्त पदे भरणे आणि गाडी देणे हाच उतारा आहे. तेथे यशोगाथा ऐकवणे म्हणजे थट्टा होते. दुय्यम आघाताला मात्र जाणत्या वरिष्ठासोबत प्रकरणावर नियमित बोलणे, गरज पडल्यास स्वतःसाठी समुपदेशन आणि मुलांच्या सावरण्याचे दर्शन, या तिन्हींची जोड लागते. राजकीय हिंसाचाराच्या पीडितांबरोबर काम करणाऱ्या कोलंबियातील मानसोपचारकांच्या अभ्यासातून २००७ मध्ये असे पुढे आले की आघाताप्रमाणेच समोरच्याची उभारीही ऐकणाऱ्यात उतरते. आपल्याकडे अडचण अशी की कार्यकर्तीला मूल दिसते ते संकटाच्या दिवसांत, आणि पुनर्वसनाचा आदेश झाला की फाइल बंद होते. ज्या मुलीचा विवाह थांबवला, ती पुढे दहावीला बसली का, हे कार्यकर्तीला कळत नाही. ते कळण्याची सोय मुद्दाम करावी लागते. महिन्याच्या बैठकीत नव्या प्रकरणांना हात घालण्यापूर्वी एखाद्या जुन्या प्रकरणातील मुलाचे सध्या काय चालले आहे, हे ओळख न उघडता सांगायला दहा मिनिटे पुरतात.