माउंटन बाइकिंग : वाटा, ऋतू आणि साधने

डांबरी रस्ता सोडून पायवाटा, बैलगाडीच्या वाटा, मुरमाड उतार आणि उघड्या कातळावरून सायकल चालवण्याचा प्रकार. त्यासाठीची सायकल जाड, उंचवटे (बटन) असलेले टायर, सपाट रुंद हँडल आणि चढासाठीचे हलके गिअर यांवरून ओळखू येते. फक्त पुढच्या चिमट्याला (चाक धरणाऱ्या फोर्कला) धक्के झेलणारे सस्पेन्शन असेल तर ‘हार्डटेल’ आणि मागच्या चाकालाही असेल तर ‘फुल सस्पेन्शन’ असे म्हणतात. मराठीत या सायकलीला सरसकट ‘एमटीबी’ (‘माउंटन बाइक’चे लघुरूप) हेच नाव रुळले आहे.

उगम : हा खेळ कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत, तमालपायस डोंगराच्या परिसरात १९७० च्या दशकात जन्मला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्याला आव्हान देणारे दाखले मात्र बरेच आहेत. अमेरिकी सैन्याच्या पंचविसाव्या पायदळ रेजिमेंटमधील कृष्णवर्णीय सैनिकांनी लेफ्टनंट जेम्स मॉस यांच्या हाताखाली १८९७ मध्ये मिझुला ते सेंट लुइस असा सुमारे १,९०० मैलांचा प्रवास सायकलींवर केला, आणि त्यातला मोठा भाग कच्च्या वाटांचा व चिखलाचा होता. अमेरिकेतच जॉन फिन्ली स्कॉट यांनी १९५३ च्या सुमारास जाड टायर, सपाट हँडल आणि डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे) गिअर एकत्र करून रानात चालणारी सायकल बनवली. त्याच दशकात पॅरिसच्या उपनगरांत तरुणांचा एक गट ६५०बी या चाकाच्या मापाच्या सायकलींत फेरफार करून मातीत शर्यती खेळत होता. इंग्लंडमध्ये १९५५ साली ‘रफ स्टफ फेलोशिप’ स्थापन झाली; तिचे सदस्य साध्या प्रवासी सायकलींवरच डोंगर ओलांडत.

हे सर्व पूर्वसुरी खरे, पण त्यांच्यापासून आजच्या सायकलीपर्यंत सलग धागा दाखवता येत नाही. मरिनपासून तो दाखवता येतो, म्हणून अभ्यासकांचा कल त्या बाजूला आहे. अर्थात मरिनकरांनाही सगळे स्वतःच सुचले असे नव्हे. कुपरटिनो गावच्या ‘मॉरो डर्ट क्लब’चे काही सायकलस्वार डिसेंबर १९७४ मध्ये मरिनमधील एका सायक्लोक्रॉस (माती व अडथळ्यांवरून रेसिंग सायकलींच्या) शर्यतीला डिरेलर आणि अंगठ्याने बदलायचे गिअर लावलेल्या जाड टायरच्या सायकली घेऊन आले होते, आणि स्थानिकांनी ती जुळणी बारकाईने पाहिली. या प्रसंगाला अधिक वजन द्यायला हवे.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या उतारावर ‘रीपॅक’ ही शर्यत सुरू झाली. अंतर दोन मैलांच्या आसपास, उतार सुमारे १,३०० फुटांचा. ‘श्विन’ या अमेरिकी कंपनीच्या जुन्या सायकलींना मागच्या हबमधला (चाकाच्या मध्यातल्या तुंब्यातला), पायडल उलटे दाबून लागणारा ब्रेक असे. एका उतारातच त्याचे ग्रीस जळून धूर निघे, आणि हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. ‘रीपॅक’ म्हणजे पुन्हा भरणे; नाव त्यावरून पडले. जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये या कामासाठी मुद्दाम फ्रेम घडवली. टॉम रिची यांनी बनवलेल्या फ्रेमा गॅरी फिशर व चार्ली केली यांनी १९७९ पासून ‘माउंटनबाइक्स’ या नावाने विकल्या; नाव वर्णनात्मक ठरल्याने त्यांना त्यावर व्यापारचिन्हाचा हक्क मिळाला नाही आणि ते सर्वांचे झाले. ‘स्पेशलाइज्ड’ कंपनीची स्टम्पजंपर ही सायकल १९८१ मध्ये आली, तिने हा प्रकार कारखान्यात नेला. पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा १९९० मध्ये अमेरिकेतील ड्युरँगो येथे झाली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्री शर्यतीचा समावेश झाला.

माती आणि ओल : वाटेची स्थिती ठरते ती मातीचा प्रकार आणि तिच्यातली ओल यांवरून. मराठीत यासाठी शेतकऱ्याचा ‘वाफसा’ हा नेमका शब्द आहे. मातीच्या पोकळ्यांत पाणी आणि हवा दोन्ही असण्याची ती अवस्था. मूठभर माती दाबली की गोळा होतो आणि अंगठ्याने ढकलला की भुगा होतो, तेव्हा वाफसा आलेला असतो. पेरणीला योग्य असलेली हीच माती टायरलाही सर्वांत चांगली पकड देते : बटन आत रुततात, पण माती त्यांना चिकटत नाही. गोळा न फुटता नुसता चेपला तर वाट अजून ओली आहे, आणि तिच्यावरून गेल्यास खोल चाकोरी पडते. पुढच्या पावसात तीच चाकोरी ओहोळ बनते आणि वाट खचते. म्हणून चाकामागे ठसा उमटून त्यात पाणी साचताना दिसले, की मागे फिरावे.

सह्याद्रीत तीन प्रकार ठळकपणे भेटतात. काळ्या मातीत फुगणारी चिकणमाती भरपूर असते. भिजली की ती टायरला थरावर थर चिकटते, चिमटा आणि चाक यांमधली फट बुजते आणि चाक जागेवर थांबते. ते काठीने खरवडूनच सोडवावे लागते. तशीच रेटल्यास चिखलाचा गोळा व गवत डिरेलरमध्ये ओढले जाऊन हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा धातूचा तुकडा) मोडतो. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, म्हणून आपल्या मापाचा एक सुटा जवळ हवा. मुरूम, म्हणजे झिजलेला बेसॉल्ट, पाणी चटकन सोडतो आणि पाऊस थांबल्यावर काही तासांत चालवण्याजोगा होतो. काळ्या वाटेला उन्हाचे दोन-चार दिवस लागतात. कोकणच्या सड्यावरचा (उघड्या कातळपठारावरचा) जांभा खडबडीत आणि सच्छिद्र असल्याने ओला असतानाही बरा धरतो, पण सावलीतल्या जांभ्यावर आणि घाटमाथ्याच्या गुळगुळीत कातळावर शेवाळ धरले की कोणताच टायर टिकत नाही. अशा ठिकाणी हँडल सरळ, वजन मध्यावर, आणि ब्रेक कातळ लागण्याआधीच लावून सोडलेला असावा.

ऋतुमान : उन्हाळ्यात घट्ट जमिनीवर सुटा मुरूम पसरतो आणि चाकाखाली छर्‍यांसारखा फिरतो. पुढचा ब्रेक वळणात दाबला तर पुढचे चाक सरकते. वेग वळणापूर्वी, सरळ वाटेवर कमी करायचा असतो. पाणी ताशी अर्धा ते पाऊण लिटर धरावे. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात दुपारी ढग चढू लागले की उघडा सडा सोडून खाली उतरावे, कारण वळवाच्या पावसात विजेचा धोका खरा असतो. पावसाळ्यात घाटमाथ्यावर थंडीपेक्षा घामाचाच त्रास अधिक. जाड रेनकोट आतून भिजवतो, पातळ विंडचीटर पुरते. गडद चष्म्याऐवजी साधी काच आणि पुढच्या चाकाला लहान मडगार्ड लावले तर डोळ्यांत चिखल जात नाही. हिवाळा हा या भागातला सर्वांत चांगला मोसम, फक्त टायरमधल्या हवेचा दाब घरात दुपारी पाहून भागत नाही. दुपारी ३० अंशांना २२ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हे दाबाचे माप) भरलेला टायर पहाटे १० अंशांना सुमारे अडीच पीएसआय मऊ झालेला असतो.

टायर आणि काटे : ७५ किलोंच्या सायकलस्वाराने २९ × २.४ इंची ट्यूबलेस टायरमध्ये पुढे २० ते २२ आणि मागे २३ ते २५ पीएसआयपासून सुरुवात करावी. ओल्या वाटेला एक-दोन कमी, धारदार धोंड्यांना एक-दोन जास्त. ट्यूब असेल तर २८ च्या खाली जाणे जोखमीचे, कारण दगडावर आपटल्यावर ट्यूब रिममध्ये चेचून दोन समांतर छिद्रे पडतात.

दख्खनी पठारावर खरा शत्रू बाभळीचा काटा. ट्यूबलेस टायरमध्ये १०० ते १२० मिलि सीलंट (छिद्र बुजवणारा द्रव) असल्यास काटा उपसून छिद्र खाली धरावे आणि चाक फिरवावे. गळती बहुधा मिनिटभरात बंद होते. सीलंट उष्णतेत वाळते, म्हणून उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी पाहून भर घालावी. ट्यूब बदलताना टायरच्या आतून अंगठा सावकाश पूर्ण फेरा फिरवावा. काट्याचे टोक रबरात मोडून राहते, बाहेरून दिसत नाही, आणि नवी ट्यूब शंभर पावलांत पुन्हा बसते. एकाच जागी दोनदा पंक्चर झाले तर कारण जवळजवळ नेहमी हेच असते.

ब्रेक, चेन आणि निगा : डिस्क ब्रेकचे रेझिन (राळेत बांधलेले) पॅड कोरड्यात शांत व मऊ लागतात, पण वाळूमिश्रित चिखलात एखाद्या लांबलचक फेरीत संपू शकतात, पावसाळ्यापुरते धातुमिश्रित सिंटर्ड पॅड लावावेत. रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) ‘फक्त रेझिन पॅड’ असे कोरलेले असेल तर मात्र नाही. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट द्रव (दुसऱ्या प्रकारचे ब्रेक ऑइल) भरल्यास आतले रबरी सील फुगून निकामी होतात.

चिखलातून आल्यावर सायकल साध्या पाण्याने धुवावी. सर्व्हिस सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने हब आणि बॉटम ब्रॅकेटच्या (पायडलचा आस फिरतो त्या जागेच्या) बेअरिंगमधले ग्रीस निघून पाणी आत जाते. सीट-पोस्ट उपसून फ्रेम उलटी धरली की आत साचलेले पाणी बाहेर येते. चेन फडक्याने कोरडी करून प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब, दहा मिनिटांनी वरचे तेल पुसून टाकणे, एवढे पुरे. पुसले नाही तर तेच तेल धूळ धरून चेन झिजवते. स्प्रे मारला तर तो रोटरवर उडून ब्रेक घसरतो. अकरा-बारा गिअरच्या चेनची लांबी ०.५ टक्के वाढली की ती बदलावी. उशीर केल्यास कॅसेटही (मागच्या दातेरी चक्रांचा संचही) बदलावी लागते, आणि ती कितीतरी महाग पडते. गिअर आळसाने बदलू लागला तर डिरेलरचे स्क्रू फिरवण्याआधी तारेच्या बाहेरच्या नळीत चिखल शिरला आहे का ते पाहावे.

वहिवाट : या वाटा मुळात गुराख्यांच्या, शेतकऱ्यांच्या आणि चालणाऱ्यांच्या आहेत. उतरताना समोरून माणूस वा गुरे आली तर सायकलस्वाराने थांबायचे असते. गाई-म्हशींजवळून घंटी वाजवत जाण्यापेक्षा उतरून चालत जावे. अभयारण्ये व राखीव वनांत वनखात्याची परवानगी लागते. फुलोऱ्याच्या दिवसांत सड्यावरची माती बोटभर जाडीची असते, आणि तिच्यावर सायकल मुळीच घालू नये.