दहावीनंतर इंग्रजी आणि प्रसारमाध्यमांचा अभ्यास : मुंबईतील विद्यार्थ्यांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

दहावीचा निकाल हाती आल्यावर पत्रकारिता, जाहिरात किंवा चित्रवाणीकडे ओढा असलेल्या विद्यार्थ्याच्या घरी पहिला प्रश्न असतो तो अकरावीला ‘मीडिया’ हा विषय कुठे मिळेल, हा. राज्य मंडळाच्या नेहमीच्या कनिष्ठ महाविद्यालयांत कला शाखेला असा स्वतंत्र विषय सहसा नसतो. तरीही बारावीनंतरच्या पदवी अभ्यासक्रमासाठी तो शिकलेला असावा अशी अट नाही. मुंबई विद्यापीठाच्या बीएमएम या प्रसारमाध्यमांच्या पदवी अभ्यासक्रमाला, म्हणजे आताच्या बीएएमएमसीला, कला, वाणिज्य आणि विज्ञान यांपैकी कोणत्याही शाखेतून बारावी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी अर्ज करू शकतो. त्यामुळे गुणपत्रिकेवर जनसंज्ञापन (मास कम्युनिकेशन) हा विषय हवाच आहे, की चांगले इंग्रजी आणि चांगले महाविद्यालय एवढे पुरेसे आहे, हे अर्ज भरण्यापूर्वी ठरवावे, कारण दोन्हींचे अर्ज वेगवेगळ्या ठिकाणी आणि वेगवेगळ्या काळात भरावे लागतात.

बहुतेकांना दुसरा पर्याय पुरेसा ठरतो, असे माझे मत आहे. बालभारतीची युवकभारती इंग्रजी पुस्तके २०१९ साली अकरावीला आणि २०२० साली बारावीला आली, आणि त्यांत ब्लॉगलेखन, मुलाखतीचे प्रश्न, वृत्तांत, चित्रपट परीक्षण, आवाहन, सूत्रसंचालन असे लेखनप्रकार समाविष्ट झाले. बारावीच्या प्रश्नपत्रिकेत या लेखनकौशल्यांना १६ गुण आहेत, शिवाय २० गुणांची तोंडी परीक्षा असते. निबंध आणि पत्र पाठ करून इंग्रजीचा पेपर सोडवण्याची सवय असलेल्यांना हे जड जाते, पण ज्याला पुढे बातमी लिहायची आहे त्याची तयारी इथूनच सुरू होते.

या मार्गासाठी अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया आहे. मुंबई महानगर क्षेत्रात ती अनेक वर्षे चालू होती आणि २०२५-२६ पासून ती संपूर्ण राज्यात लागू झाली. दहावी उत्तीर्ण असणे ही मूळ पात्रता आहे, मग मंडळ कोणतेही असो. अर्जाच्या पहिल्या भागात वैयक्तिक माहिती, गुण आणि आरक्षणाचा तपशील भरून शुल्क भरायचे असते, तर दुसऱ्या भागात महाविद्यालयांचा पसंतीक्रम द्यायचा असतो. २०२५-२६ मध्ये शुल्क १०० रुपये होते आणि किमान एक व कमाल दहा महाविद्यालये निवडता येत होती. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि छायाचित्र सर्वांनाच लागते. आरक्षणाचा लाभ घ्यायचा असल्यास जातीचा दाखला, प्रवर्गानुसार नॉन क्रीमीलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र, आणि दिव्यांगत्व असल्यास त्याचे प्रमाणपत्र जोडावे लागते. नॉन क्रीमीलेअरसाठी जूनमध्ये धावपळ करण्यापेक्षा परीक्षा संपताच अर्ज केलेला बरा.

पसंतीक्रम भरताना महाविद्यालयाच्या नावाइतकेच त्याच्या कोडकडे लक्ष द्यावे. एकाच महाविद्यालयाच्या कला शाखेचे अनुदानित, विनाअनुदानित, इंग्रजी माध्यम आणि मराठी माध्यम असे निरनिराळे कोड असू शकतात, आणि त्यांचे शुल्क व कटऑफ दोन्ही वेगळे असतात. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यास तिथे प्रवेश घेणे बंधनकारक असते आणि न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाहेर पडतो. म्हणून रुईया किंवा झेवियर्सचे नाव केवळ हौस म्हणून पहिल्या क्रमांकावर टाकणाऱ्याने तिथला रोजचा प्रवास आणि शुल्क झेपेल की नाही हे आधीच पाहावे. इनहाउस (त्याच संस्थेच्या शाळेतील विद्यार्थ्यांसाठीचा), अल्पसंख्याक आणि व्यवस्थापन कोट्यासाठी पसंती स्वतंत्रपणे नोंदवायची असते.

विषय म्हणूनच प्रसारमाध्यमे शिकायची असतील, तर केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या, म्हणजे सीबीएसईच्या, अकरावी-बारावीला ‘मास मीडिया स्टडीज’ हा कौशल्यविषय आहे. त्याचा संकेतांक ८३५. त्यासोबत इंग्रजी कोअर किंवा इंग्रजी इलेक्टिव्ह यांपैकी एकच घेता येते, दोन्ही एकत्र घेता येत नाहीत. मात्र मंडळाच्या यादीत असलेला प्रत्येक विषय प्रत्येक शाळेत शिकवला जात नाही. शाळेला त्या विषयाची मंडळाकडून परवानगी असावी लागते, त्यामुळे माहितीपुस्तिकेवर विसंबून न राहता शाळेकडे तशी विचारणा करावी. हे प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून होत नाहीत, शाळा स्वतःच अर्ज मागवते. राज्य मंडळातून येणाऱ्या विद्यार्थ्याला गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला यांच्यासोबत स्थलांतर प्रमाणपत्र म्हणजे मायग्रेशन सर्टिफिकेट द्यावे लागते. ते राज्य मंडळाच्या मुंबई विभागाकडून मिळते, आणि त्या विभागाचे कार्यालय वाशीत आहे. अकरावीला मंडळाकडे नोंदणी झाली की विषय बदलण्यावर मर्यादा येतात, त्यामुळे नोंदणीचा फॉर्म सही करण्यापूर्वी विषयांची यादी एकदा तपासून पाहावी.

नोकरी करणारे, नाट्यप्रयोग किंवा चित्रीकरणामुळे नियमित वर्गात बसू न शकणारे, अथवा शिक्षणात खंड पडलेले विद्यार्थी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा, विचार करू शकतात. १९८९ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या उच्च माध्यमिक स्तरावर जनसंज्ञापन (संकेतांक ३३५) आणि इंग्रजी (३०२) हे दोन्ही विषय घेता येतात. जनसंज्ञापनाच्या अभ्यासक्रमात वृत्तपत्रे, रेडिओ, दूरचित्रवाणी, जाहिरात व जनसंपर्क आणि नवमाध्यमे येतात, तर छायापत्रकारिता आणि पारंपरिक माध्यमे यांपैकी एक भाग विद्यार्थ्याने निवडायचा असतो. अभ्यास म्हणून मला हा आराखडा नेमका वाटतो.

येथे पात्रतेसाठी दहावी उत्तीर्ण आणि किमान १५ वर्षे वय लागते. प्रमाणपत्रासाठी किमान पाच विषय असावे लागतात, आणि त्यांत भाषा किमान एक व जास्तीत जास्त दोन असतात. दहावी आणि बारावी यांच्यात दोन वर्षांचे अंतर नसेल तर पहिल्या वर्षी चार विषयांपर्यंतच परीक्षा देता येते, ही अट अनेकांच्या लक्षात उशिरा येते आणि मग पदवी प्रवेशाचे वर्ष हुकते. नोंदणी पाच वर्षे वैध राहते, त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, आणि सार्वजनिक परीक्षा एप्रिल-मे व ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोन सत्रांत होतात. आधी अन्य मंडळाची बारावी दिली असेल, तर उत्तीर्ण झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण हस्तांतरित करता येतात.

अर्ज संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर भरायचा असतो. छायाचित्र, सही, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, दहावीची गुणपत्रिका आणि लागू असल्यास प्रवर्गाचा दाखला यांच्या स्कॅन प्रती सोबत जोडाव्यात. आधार कार्ड आणि गुणपत्रिका यांवरील नावात फरक असेल तर तो अर्जापूर्वीच दुरुस्त करून घ्यावा. अर्जातच अभ्यासकेंद्र निवडावे लागते. जनसंज्ञापनाचे प्रात्यक्षिक त्या केंद्रात प्रत्यक्ष होते का, याची खात्री केल्याशिवाय घराजवळचे केंद्र निवडू नये. शिक्षकाने तपासायच्या गृहपाठांना, म्हणजे टीएमएला, २० टक्के भारांश असतो. लोकल गाड्यांत ‘घरबसल्या बारावी, पास होण्याची हमी’ अशा जाहिराती चिकटवणाऱ्यांशी या संस्थेच्या नोंदणीचा काही संबंध नसतो, आणि त्यांच्या हाती मूळ कागदपत्रे देण्याचे काहीच कारण नाही.

पुढे मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात पदवीसाठी अर्ज करताना सीबीएसई किंवा एनआयओएसच्या विद्यार्थ्याला बारावीची गुणपत्रिका आणि त्या मंडळाचे स्थलांतर प्रमाणपत्र सादर करावे लागते. काही महाविद्यालये बीएएमएमसीसाठी स्वतंत्र प्रवेश परीक्षा घेतात आणि तिची नोंदणी बारावीचा निकाल लागण्यापूर्वीच बंद होऊ शकते, म्हणून त्या महाविद्यालयांच्या सूचना एप्रिलपासूनच पाहत राहाव्यात.