पालखी मुक्काम (पुणे)

आषाढी वारीसाठी आळंदीहून निघणारी संत ज्ञानेश्वर महाराजांची आणि देहूहून निघणारी संत तुकाराम महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य पक्षात पुण्यात सामान्यतः दोन रात्री विसावते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरात, तर तुकाराम महाराजांची नाना पेठेतील निवडुंगा विठोबा मंदिरात उतरते. तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळ्याची प्रथा घातली; पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी ज्ञानेश्वर महाराजांचा सोहळा स्वतंत्र करून त्याला दिंड्यांच्या क्रमाची शिस्त लावली.

मुक्कामाच्या काळात दिंड्यांचा उतारा महापालिकेच्या शाळा, मंगल कार्यालये, मंदिरे आणि पेठांमधील वाड्यांत असतो. काही दिंड्यांचे यजमान पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहेत, त्यामुळे वाडा पाडून इमारत उभी राहिली तरी तिच्या वाहनतळात त्याच दिंडीची पंगत बसते. रस्तोरस्ती न्हावी विनामूल्य दाढी करून देतात, चर्मकार तुटलेल्या वहाणांना टाके घालतात, डॉक्टर पायांचे फोड पाहतात. अलीकडे मांडवाच्या खांबाला मोबाइल चार्जिंगचे बोर्डही बांधलेले दिसतात. फोनची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकावर नाव आणि दिंडी क्रमांकाची चिठ्ठी चिकटवलेली असते.

वारीतील खरी नवी भर ही अशाच, डोळ्यांत न भरणाऱ्या सोयींची आहे. त्यांत फिरत्या शौचालयांना पहिले स्थान द्यावे लागेल. उघड्यावर जाण्यासाठी अंधाराची वाट पाहणाऱ्या स्त्रियांची त्यांनी जी सोय केली, ती कोणत्याही रोषणाईने साधली नसती. पालखी रथ कोठे पोहोचला आणि कोणते रस्ते बंद आहेत हे मोबाइलवर दाखवण्याची पोलिसांची व्यवस्था दर्शनार्थींना आणि (पुणेकर हे उघडपणे मान्य करणार नाहीत, तरी) कामावर निघालेल्यांनाही उपयोगी पडते.

वारकरी नसलेल्यांचा सहभागही वाढला आहे. आयटी दिंडीसारख्या उपक्रमांतून नोकरदार मंडळी आळंदी ते पुणे हा टप्पा चालतात, तर अनेक जण पुढे दिवेघाट चढून सासवड गाठतात. वारीभराची भिशी (दिंडीतील जेवणखर्चाची वर्गणी) भरून, शेताची पेरणी उरकून आलेल्या वारकऱ्याची वारी आणि ही एका दिवसाची वारी यांत अंतर आहे; तथापि वारकऱ्यांनी अशा पाहुण्यांना सहसा परके मानलेले नाही. दिंडीच्या ओळी तोडून छायाचित्रे काढणाऱ्यांना मात्र चोपदार बाजूला करतात, आणि ते योग्यच आहे.

तिसऱ्या दिवशी पहाटे दोन्ही पालख्या शहर सोडतात. हडपसरनंतर ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवेघाटाकडे वळते आणि तुकाराम महाराजांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला जाते. दोन्ही सोहळे पुन्हा पंढरपूरजवळ वाखरी येथे एकत्र येतात.