पेरेंट प्रॉक्सी: नुसता पत्ता लिहून भागत नाही

स्क्विड हा प्रॉक्सी, म्हणजे ब्राउझर आणि इंटरनेट यांच्यामधला मध्यस्थ सर्व्हर. त्याने आपल्या वरच्या दुसऱ्या प्रॉक्सीमार्फत, म्हणजे ‘पेरेंट’मार्फत, बाहेर जावं म्हणून कॉन्फिग फाइलमध्ये ‘कॅश पीअर’ची ओळ टाकली, पेरेंटचा पत्ता आणि ३१२८ हा पोर्ट दिला, सर्व्हिस रीस्टार्ट केली. दोन-चार पानं उघडली, वाटलं झालं काम. मग लॉग बघितला, तर ओळीमागून ओळ ‘हायर डायरेक्ट’! म्हणजे प्रॉक्सी पेरेंटला न विचारता परस्पर बाहेर जात होता. यात माझा एक अख्खा दिवस गेलाय.

कॅशिंग प्रॉक्सी एकदा आणलेली फाइल जपून ठेवतो आणि दुसऱ्या कुणी मागितली की आपल्याकडचीच देतो. त्याच्याकडे नसेल तेव्हा कुणाला विचारायचं, हा खरा प्रश्न. पेरेंटकडे फाइल नसली तरी तो ती आणून देतो. सिब्लिंग, म्हणजे बरोबरीचा शेजारी प्रॉक्सी, मात्र असेल तरच देतो, तुमच्यासाठी धावपळ करत नाही. ही उतरंड १९९० च्या दशकातल्या ‘हार्वेस्ट’ प्रकल्पातली. स्क्विड त्याचाच वारस.

आता गोम अशी, की ‘कॅश पीअर’ची ओळ स्क्विडला हुकूम वाटत नाही. पेरेंटकडे आयती प्रत मिळायची शक्यता असेल, तरच त्याला विचारण्यात अर्थ, असा त्याचा हिशोब. एचटीटीपीएससाठी ब्राउझर ‘कनेक्ट’ म्हणून एक बोगदा मागतो. आतला मजकूर कूटबद्ध, तो साठवणार कोण? मग मध्ये आणखी एक थांबा कशाला? स्क्विड सरळ निघतो. हिशोब बरोबरच आहे. पण फायरवॉलने बाहेरची वाट फक्त पेरेंटला मोकळी ठेवली असेल, तर साधी एचटीटीपी पानं उघडतात आणि बाकी सगळी लटकतात. आज वेबचा बहुतेक भाग त्या ‘बाकी’तच येतो.

उपाय एका ओळीचा: ‘नेव्हर डायरेक्ट अलाउ ऑल’, म्हणजे कुठल्याच विनंतीसाठी परस्पर बाहेर जाऊ नको. आतल्या नेटवर्कमधल्या सर्व्हरना वगळायचं असेल तर त्यांच्यापुरतं ‘ऑलवेज डायरेक्ट’ लिहावं. स्क्विड ते आधी तपासतो. मग लॉगमध्ये ‘डायरेक्ट’च्या जागी ‘पेरेंट’ दिसू लागतो. एचटीटीपीएस तरीही कॅश होत नाही, पेरेंट त्याच्यापुरता नुसता पाइप असतो.

दुसरा खड्डा आयसीपीचा. ‘ही फाइल आहे का?’ एवढंच विचारणारा हा प्रोटोकॉल १९९७ मध्ये आरएफसी २१८६ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात नोंदला गेला. स्क्विडमध्ये तो सहसा ३१३० या यूडीपी पोर्टवर चालतो. पेरेंट आयसीपी बोलतच नसेल, तर उत्तर येत नाही आणि स्क्विड धडधाकट पेरेंटला मृत समजतो. अशा वेळी ‘कॅश पीअर’च्या त्याच ओळीत ‘नो क्वेरी’ (आयसीपीने विचारू नको) आणि ‘डिफॉल्ट’ (दुसरा कुणी ठरला नाही तर हाच पेरेंट) जोडावं.

आणि एका मशीनची नक्कल करून दुसरा प्रॉक्सी उभा केला असेल तर होस्टनेम बदलायला विसरू नका. विनंती पुढे पाठवताना प्रत्येक प्रॉक्सी विनंतीसोबत जाणाऱ्या ‘व्हाया’ या हेडर-ओळीत आपलं नाव लिहितो. पेरेंटला तिथे स्वतःचंच नाव दिसलं, की विनंती गोल फिरून परत आली असं तो धरून चालतो.