दोघांनाही गहू बाधतो: सिलियाक वेगळा, आयबीएस वेगळा

आमच्या घरात गव्हाला नाही म्हणणारी माणसं दोन. एक मी, दुसरी माझ्या औशाच्या बहिणीची मुलगी, वय अकरा. लग्नाच्या पंगतीत आम्ही शेजारी बसलो आणि दोघांनीही पुरीवर हात आडवा धरला की वाढणारा म्हणतोच, “तुमच्या घराण्यालाच गहू बाधतो वाटतं.” तसं नाही. माझ्या पानात चुकून पुरी आली आणि मी ती खाल्ली, तर फार तर संध्याकाळी पोटात गुबारा धरेल, रात्री चार फेऱ्या मारायला लागतील, सकाळी मी हिंडता-फिरता. भाचीच्या पानात पुरी पडली आणि लगेच उचलली, तरी तिची आई पान बदलून मागते. लोक तिला अतीच करते म्हणतात. ती अती करत नाही.

भाचीला सिलियाक आहे. मला आयबीएस, म्हणजे चिडकं आतडं. तक्रारी दोन्हींत सारख्याच: पोट फुगणं, मुरडा, कधी जुलाब, कधी दोन-दोन दिवस काहीच नाही. गहू सोडला की दोघांनाही बरं वाटतं. गोंधळ होतो तो इथंच.

भाचीचं आधी सांगतो, कारण तिथं दोन वर्षं वाया गेली. सातव्या वर्षापासून पोरीची उंची थांबली. हातपाय काड्या, पोट तेवढं पुढं. “लेकरू खातंय, पण अंगी लागंना,” एवढंच बहीण म्हणायची. जंताचं औषध झालं, लोहाचं टॉनिक झालं, दृष्टही काढून झाली. हिमोग्लोबिन आठच्या वर सरकेना. अशक्त आहे म्हणून घरात पौष्टिक चालू केलं ते काय, तर सकाळी गव्हाची लापशी आणि रात्री दुधात कुस्करलेली पोळी. रोगाला जे हवं होतं तेच आम्ही तिला वाटीवाटीनं भरवत होतो.

सिलियाकमध्ये गव्हातलं ग्लूटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्था उलटून लहान आतड्यावरच चालून जाते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी बारीक लव असते, अन्नातलं सत्त्व तीच शोषून घेते. ती लव झडते, सपाट होते. लोह शोषलं जातं ते लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, आणि हा रोग हात घालतो तोही तिथंच. म्हणून टॉनिकच्या बाटल्या रिकाम्या होतात आणि रक्त काही वाढत नाही. दूध पचवणारं द्रव्यही त्याच लवेच्या टोकाला असतं, त्यामुळं दूधही बाधायला लागतं आणि लोक दुधालाच दोष देतात. लव परत उगवली की बहुतेकांचं दूध परत सुरू होतं.

मोठ्या माणसात तर कधीकधी पोटाची तक्रारच नसते. नुसता न हटणारा ॲनिमिया, ठिसूळ हाडं, तोंडात पुन्हा पुन्हा येणारे फोड, एवढ्यावरच रोग बसलेला असतो.

गव्हाचा हा संबंध लक्षात आला नेदरलँड्समध्ये. विलेम डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४–४५च्या हिवाळ्यात, युद्धामुळं तिथं पाव मिळेनासा झाला, तेव्हा ही आजारी मुलं सुधारली, आणि पाव परत आला तशी पुन्हा खंगली. आपल्याकडं हा आजार उत्तरेत, गव्हाच्या पट्ट्यात जास्त दिसतो, दक्षिणेत फारच कमी. मराठवाडा ज्वारीवर वाढलेला, त्यामुळं इथं चटकन कुणाच्या डोक्यात येत नाही. पण आता लातूरच्या घरांतही दोन्ही वेळेला पोळी आहे, रेशनवर गहू आहे, पोरांच्या हातात बिस्किटाचा पुडा आहे.

आता माझं. माझ्या आतड्याची लव शाबूत आहे. दुर्बिणीतून बघितलं तरी काही दिसत नाही, सगळे रिपोर्ट नॉर्मल, आणि त्यामुळं घरचे म्हणतात, “तुझ्या मनाचे खेळ आहेत.” मनाचे नाहीत. आयबीएसमध्ये आतड्याच्या नसा जरा जास्तच तिखट असतात. जेवढा वायू दुसऱ्याला जाणवतही नाही, तेवढ्यानं आपला जीव कासावीस होतो. २०१६च्या ‘रोम ४’ या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे गेले तीन महिने आठवड्यातून किमान एक दिवस पोट दुखत असेल, आणि त्या दुखण्याचा शौचाशी, त्याच्या वेळांमधल्या बदलाशी, घट्ट-पातळपणातल्या बदलाशी, यांतल्या किमान दोन गोष्टींशी संबंध असेल, तर त्याला आयबीएस म्हणतात. तक्रार सुरू होऊन सहा महिने तरी झालेले असावे लागतात. परीक्षा, कोर्टाची तारीख, पोरीचं लग्न असलं की वाढतं, हे खरंच आहे. पण म्हणून ते खोटं होत नाही.

मग मला गहू का बाधतो? ग्लूटेनमुळं नव्हे, तर बहुधा गव्हातल्या फ्रुक्टन नावाच्या साखरेच्या साखळीमुळं. ही साखळी तोडण्याची सोय माणसाच्या आतड्यात नाही. ती तशीच मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारतात आणि वायू धरतो. नॉर्वेतल्या २०१८च्या एका प्रयोगात ‘आम्हाला ग्लूटेन बाधतं’ म्हणणाऱ्या, सिलियाक नसलेल्या ५९ जणांना बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या वड्या आठवडा-आठवडाभर दिल्या: एकीत ग्लूटेन, एकीत फ्रुक्टन, एकीत दोन्ही नाही. जास्त त्रास झाला तो फ्रुक्टनच्या वडीनं.

ग्लूटेन म्हणजे काय हे मराठवाड्यातल्या बाईला समजवावं लागत नाही. कणीक मळून ठेवली की ती ताणते, लाटता येते, पोळी पातळ होते. तो ताण ग्लूटेनचा. ज्वारीत ते नाही, म्हणून ज्वारीचं पीठ लाटत नाहीत, गरम पाण्यात मळून थापतात, आणि पीठ जुनं होऊन विरी गेली की भाकरीला तडे जातात. बाजरी, तांदूळ, मका, नाचणी, भगर, राजगिरा यांतही ग्लूटेन नाही. गव्हाशिवाय ते असतं जवात आणि राय नावाच्या धान्यात. खपली गव्हाबद्दल मात्र एक गैरसमज पक्का बसलाय, की तो ‘जुना, देशी’ म्हणून चालतो. खपलीतही ग्लूटेन असतं. सिलियाकच्या माणसाला खपली तितकीच वर्ज्य.

इथं माझी चूक सांगतो, कारण तीच चूक मला रोज कुणीतरी करताना दिसते. भाचीचं निदान झाल्यावर मी घाबरून चार महिने गहू बंद केला, बरं वाटलं, आणि मग तपासणीला गेलो. टीटीजी नावाची रक्ततपासणी निर्मळ आली. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “गहू चालू आहे ना?” नव्हता. सिलियाकमध्ये रक्तात जी प्रतिपिंडं वाढतात तीच ही तपासणी मोजते, आणि गहू बंद असताना ती उतरतात, लवही भरून यायला लागते. म्हणजे रोग असला तरी तपासणीत सापडत नाही. मग सहा आठवडे रोज दोन्ही जेवणांत पोळी खाऊन, पोट धरून, पुन्हा तपासणी. तीही निर्मळ आली, तेव्हा कुठं आयबीएसचा शिक्का बसला. गहू सोडायचाच असेल तर आधी रक्त द्या, मग सोडा. टीटीजी वाढलेली आली तर सहसा दुर्बिणीतून आतड्याचा बारीक तुकडा काढून खात्री करतात. आणि घरात एकाला सिलियाक निघाला तर सख्खी भावंडं, आई-वडील यांनीही तपासून घ्यावं. अशा जवळच्या नात्यात साधारण दहा-पंधरा जणांत एखाद्याला तो निघतो.

वजन उतरतंय, शौचातून रक्त जातंय, ताप येतोय, रात्री पोटामुळं झोपेतून उठावं लागतंय, किंवा पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच तक्रार सुरू झाली, तर ‘आयबीएस असेल’ म्हणून घरी बसू नका.

पथ्य दोघांचं वेगळं आहे, आणि खरी गंमत तिथं आहे.

भाचीचं पथ्य जन्माचं आणि कणाकणाचं. दिवसाला ५० मिलिग्रॅम ग्लूटेन रोज पोटात जात राहिलं तरी लवेला इजा होते. एका पोळीत असतं त्याचा हा साधारण पन्नासावा भाग. म्हणून बहिणीच्या घरची खरी लढाई गिरणीवर झाली. गिरणीत गव्हावर ज्वारी टाकली की पहिली दोन-तीन किलो ज्वारी गव्हाची पांढुरकी भुकटी घेऊनच बाहेर पडते. एरवीही बायका “गव्हावर ज्वारी नको रे” म्हणून भांडतात, भाकरी बिघडते म्हणून. इथं लेकरू बिघडतं. शेवटी घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू कधीच टाकायचा नाही असं ठरलं. बेसनही त्यातच. तवा वेगळा, पोळपाट वेगळा, पिठाचा डबा वेगळा.

एवढं करूनही तीन महिने पोरीचं पोट ठीक होईना. सापडलं ते मिसळणाच्या डब्यात: हिंग. बाजारातल्या बहुतेक बांधणी हिंगात मैदा असतो, डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तसंच येसर. आमच्याकडं आमटीला येसर लागतोच, आणि त्यात भाजलेला गहू पडतो. मेतकुटातही. सातूच्या पिठात तर गहू आहेच. आणि कुरडई! ती कुणाला गव्हाची वाटतच नाही, पण तीन दिवस भिजवून काढलेला चीक गव्हाचाच. प्रसादाचा शिरा हा सगळ्यात अवघड प्रकार, कारण तिथं नाही म्हणायचं म्हणजे देवाला नाही म्हटल्यासारखं होतं. बहीण आता पूजेला स्वतःच राजगिऱ्याचा शिरा करून नेते.

माझं पथ्य मापाचं आणि मुदतीचं. एक पोळी चालते, चार चालत नाहीत. गिरणी कुठली, तवा कुणाचा, याच्याशी माझा काही संबंध नाही. मला ठेच लागली ती दुसरीकडं. गहू सोडून मी ज्वारीच्या भाकरीवर आलो, वर बुक्कीनं फोडलेला कांदा, लसणाचा ठेचा आणि हरभऱ्याच्या डाळीचं पिठलं. फुगणं तसूभर कमी होईना. होणार कसं, लसणात गव्हापेक्षा किती तरी जास्त फ्रुक्टन, कांद्यातही भरपूर, आणि डाळीत त्याच जातीच्या दुसऱ्या साखळ्या. भाकरी निर्दोष होती, तिच्याबरोबरची मंडळी नडत होती.

या साखळ्या आणि अशाच नीट न शोषल्या जाणाऱ्या दुसऱ्या साखरा, यांना मिळून फॉडमॅप म्हणतात. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये हे नाव रूढ केलं. दोन ते सहा आठवडे त्या कमी करायच्या, मग एकेक पदार्थ परत आणून कोणता किती झेपतो हे पाहायचं. कायमचं सगळं बंद करून बसायचं नाही. आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचीही त्यावर उपजीविका असते. मला पोळी एक झेपते, पातीच्या कांद्याची हिरवी पात हवी तेवढी, मूगडाळीचं वरण वाटीभर. लसणाची युक्ती अशी की फ्रुक्टन पाण्यात उतरतं, तेलात नाही. नुसत्या तेलात पाकळ्या तांबूस होऊ द्यायच्या, काढून टाकायच्या आणि त्या तेलात फोडणी करायची. वास घरभर, त्रास नाही. कांद्याची चव मी हिंगावर भागवतो. जो हिंग भाचीच्या डब्यातून हद्दपार झाला, तोच माझ्या डब्यात आला.

बद्धकोष्ठाकडं झुकणाऱ्या आयबीएसला इसबगोल चालतो. गव्हाचा कोंडा मात्र पुष्कळांचं पोट आणखी फुगवतो, आणि आपल्याकडं सल्ला मिळतो तो नेमका कोंड्याचा.

गव्हाची ॲलर्जी हा तिसराच प्रकार. गहू खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन-एक तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, दम लागतो. त्यात पोटाचा विचार करत बसायचं नसतं, दवाखाना गाठायचा.

गेल्या वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्याकडच्या शेतातल्या पूजेच्या सणाला, आम्ही सगळे औशाच्या शेतात होतो. कडब्याची कोप (खोपी) केलेली, पांडवांची पूजा झालेली, आणि बहिणीनं ताटं वाढायला घेतली. भाचीला तुरीच्या-हरभऱ्याच्या ओल्या दाण्यांची भज्जी भरपूर, बाजरीचे उंडे, लसणाची आंबील दोन पेले. खपलीची खीर नाही, आणि खिरीचा डाव भज्जीच्या पातेल्याजवळही नाही. मला भज्जी दोन घास, आंबील लसूण घालायच्या आधी काढून ठेवलेली, आणि खीर वाटीभर. शेजारच्या शेतातल्या आजी बघत होत्या. “एकाच घरचे ना गं हे?” त्यांनी बहिणीला विचारलं. भाची माझ्या खिरीकडं बघत होती, मी तिच्या भज्जीकडं.